कृष्णेतल्या माशांच्या यकृतावर जड धातूंचा परिणाम कसा तपासावा

उन्हाळ्यात सांगलीजवळ कृष्णेचं पाणी उतरतं आणि एखाद्या सकाळी मेलेले मासे काठाला लागलेले दिसतात. दुपारपर्यंत गावभर 'मळी सोडली', 'केमिकल सोडलं' सुरू होतं. त्यानंतर प्राणिशास्त्राचे दोन-तीन विद्यार्थी तरी 'जड धातू आणि माशांच्या यकृतातली एन्झाइम' हा विषय प्रकल्पाला मागायला येतात. विषय चांगला आहे. फक्त एका रात्रीत शेकड्याने मासे मरतात तेव्हा कारण बहुतेक वेळा पाण्यातला ऑक्सिजन संपणं हे असतं. सांडपाणी किंवा मळी पाण्यात आली की ती कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन खाऊन टाकतात, आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. जड धातू सहसा अशा घाईने मारत नाहीत. कॅडमियम, शिसं, तांबं यांचा मार बसलेला मासा पोहत असतो, जाळ्यात येतो, बाजारात विकला जातो. त्याचं दुखणं बाहेरून दिसत नाही, म्हणूनच यकृत उघडून पाहायचं.

हा लेख सांगली-सातारा भागातल्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. एकच गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करून घ्या. एन्झाइमचा एकटा आकडा धातूचं नाव घेत नाही. एकाच माशाच्या यकृतातला धातू, यकृतातलं एन्झाइम आणि रक्तातलं एन्झाइम हे तिन्ही हातात आले, तरच बोलण्यासारखं काही मिळतं.

आधी यकृतात काय घडतं ते समजून घ्या

धातू माशाच्या अंगात दोन वाटांनी शिरतो, कल्ल्यांतून आणि खाण्यातून. रक्तातून तो यकृतात आणि मूत्रपिंडात साठतो. तिथे मेटॅलोथायोनिन नावाचं छोटं प्रथिन त्याला बांधून ठेवतं. या प्रथिनात सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असतं आणि कॅडमियम, जस्त, तांबं, पारा गंधकाला घट्ट चिकटतात. धातू वाढत गेला आणि ही बांधणी अपुरी पडली, की मोकळा धातू इतर प्रथिनांच्या गंधकाला चिकटू लागतो. त्यात एन्झाइमही आलीच. कॅडमियम काही एन्झाइमांतल्या जस्ताची जागा बळकावतं. तांब्याचं काम आणखी वेगळं आहे. ते हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अतिशय आक्रमक ऑक्सिजनकण तयार व्हायला मदत करतं, आणि ते कण पेशीच्या पातळ आवरणातली चरबी जाळत सुटतात.

मोजायची एन्झाइम दोन गटांतली. पहिला गट आपल्याला दवाखान्याच्या रिपोर्टवरून माहीत असतो: एएलटी म्हणजे जुनं एसजीपीटी, एएसटी म्हणजे एसजीओटी, आणि अल्कलाइन फॉस्फेटेज म्हणजे एएलपी. दुसरा गट संरक्षणाचा: कॅटलेज, सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज. पहिल्या गटातली एएलटी आणि एएसटी घ्या, दुसऱ्यातलं कॅटलेज घ्या. वर्षभराच्या प्रकल्पाला तेवढी पुरतात. दहा एन्झाइम अर्धवट मोजण्यापेक्षा तीन नीट मोजलेली केव्हाही बरी.

प्रश्न लहान करा

'कृष्णा नदीतील प्रदूषणाचा माशांवर परिणाम' हा प्रश्न होऊ शकत नाही. तो एका विद्यार्थ्याच्या आवाक्यात नाही. त्याऐवजी असा प्रश्न घ्या: सांगली शहराचं सांडपाणी नदीला मिळतं त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या चिलापीच्या यकृतात तांबं, शिसं आणि कॅडमियम किती, आणि एएलटी, एएसटी, कॅटलेज यांत फरक आहे का?

किंवा द्राक्षपट्ट्याचा प्रश्न घ्या. मला स्वतःला हा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण इथे धातू कुठल्या कारखान्यातून लपून येत नाही, आपणच तो मोजून-मापून फवारतो. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ भागात फळछाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी बोर्डो हे तांब्याचं मिश्रण फवारतात. एक टक्का बोर्डोत 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 1 किलो चुना पडतो. त्या 1 किलो मोरचुदात साधारण 250 ग्रॅम तांबं असतं. तांबं विघटन होऊन नाहीसं होत नाही. ते मातीत साठतं, आणि जोराच्या पावसात मातीबरोबर ओढ्यात, पाझर तलावात उतरतं. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला 0.05 मिलीग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलीग्रॅमपर्यंत सूट आहे. ही सूट माणसासाठी आहे. तितकं तांबं मऊ पाण्यातल्या अनेक जातींच्या लहान माशांना मारून टाकेल. म्हणून 'पाणी पिण्यायोग्य आहे, म्हणजे माशांना धोका नाही' हे वाक्य अहवालात कधीही लिहू नका.

जागा निवडणं

बहुतेक प्रकल्प इथेच फसतात. सांगलीसाठी स्वच्छ तुलनेची जागा कोणती? वर भिलवडी, औदुंबरकडे गेलात तरी नदीने तोवर वाई, सातारा, कऱ्हाड पाहिलेलं असतं, शिवाय ब्रह्मनाळला येरळा मिळते. धोमच्या जलाशयापर्यंत गेलात तर पाणी अधिक स्वच्छ मिळेल, पण माशांचं खाणं वेगळं, पाण्याची कठीणता वेगळी, तापमान वेगळं. कठीणता महत्त्वाची, कारण पाण्यातलं कॅल्शियम कल्ल्यांवर कॅडमियमशी स्पर्धा करतं. मऊ पाण्यात तेवढंच कॅडमियम जास्त घातक ठरतं.

माझा सल्ला असा की तीन जागा घ्या. शहराचं सांडपाणी नदीत आणणारा शेरी नाला मिळण्याच्या वर एक, खाली पण हरिपूरच्या आधी एक, आणि लांबचा संदर्भ म्हणून धोम. हरिपूरला वारणा मिळते आणि सगळं पातळ होतं. संगमाच्या खाली, अंकली किंवा म्हैसाळला नमुना घेतलात तर शहराचा परिणाम आणि वारणेचं पाणी वेगळं काढता येणार नाही. म्हैसाळचा बंधारा हा स्वतंत्र प्रश्न आहे. तिथे पाणी थांबतं, गाळ बसतो, आणि धातू पाण्यापेक्षा गाळात कितीतरी अधिक असतो. गाळ मोजायचा असेल तर 2019 किंवा 2021 च्या महापुराआधीचे जुने आकडे आजच्या आकड्यांशेजारी सरळ ठेवू नका. महापूर तळाचा गाळ उचलून दुसरीकडे नेतो.

मासा कोणता

रोहू, कटला, मृगळ यांचं बीज जलाशयात आणि नदीत सोडलं जातं. जाळ्यात आलेला रोहू या जागी किती महिने होता ते कोणी सांगू शकत नाही. चिलापी सगळीकडे मिळते, फार लांब जात नाही, चिवट आहे. पण तो चिवटपणाच अडचणीचा, कारण परिणाम उशिरा दिसतो. मरळ मांसाहारी आणि एका डोहाला धरून राहणारी, तिच्यात पारा साठण्याची शक्यता अधिक. मात्र ती प्रत्येक जागी पुरेशा संख्येने मिळणं कठीण. पहिल्याच प्रकल्पाला चिलापी घ्या, सगळे मासे एका लांबीच्या टप्प्यातले घ्या आणि प्रत्येकाचं लिंग नोंदवा. लिंगाची नोंद फालतू समजू नका. अंडी भरण्याच्या काळात मादीचं यकृत अंड्यातल्या बलकाचं प्रथिन बनवण्यात गुंतलेलं असतं. त्याचं वजनही बदलतं आणि एन्झाइमही.

मासे कुठे, कधी, कोणत्या जाळ्यात लागतात हे भोई मंडळींना विचारा. त्यांच्या इतकं नदीचं पात्र कोणी ओळखत नाही. भोई काकांना स्पष्ट सांगा की मासा जिवंत हवा आहे, आणि त्याचा योग्य भाव द्या. रात्रभर जाळ्यात अडकून तडफडलेल्या माशाच्या रक्तात एएसटी आणि लॅक्टेट डिहायड्रोजनेज वाढतं, कारण ते स्नायूंमधूनही येतं. असा मासा धातूबद्दल काहीही सांगणार नाही. जाळं टाकून तासाभरात उचलायला सांगा. जलाशयात मासेमारीचा ठेका सोसायटीकडे असतो. तिथे आधी सोसायटीची परवानगी घ्या.

मासा पृष्ठवंशी प्राणी आहे. कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता काम सुरू करण्याआधी हवी, नंतर मागून चालत नाही.

पाणी आणि धातूचे नमुने

प्रत्येक जागी तापमान, सामू (पीएच), विरघळलेला ऑक्सिजन आणि वाहकता तिथल्या तिथे मोजा. कठीणता आणि अमोनियासाठी पाणी घेऊन या. ऑक्सिजन पहाटे मोजता आला तर फारच उत्तम. धातूंसाठी प्लास्टिकची बाटली 10 टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून शुद्ध पाण्याने धुतलेली असावी. विरघळलेला धातू हवा असेल तर पाणी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मग शुद्ध नायट्रिक आम्लाने सामू 2 च्या खाली आणा. आम्ल आधी घातलंत तर गाळाला चिकटलेला धातूही सुटून पाण्यात येतो आणि आकडा फुगतो. मोजणी ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन किंवा आयसीपी-एमएस यंत्रावर विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात करून घेता येते. नमुन्यांबरोबर रिकामी बाटली, म्हणजे फक्त शुद्ध पाणी आणि आम्ल, पाठवायला विसरू नका. तिच्यात शिसं निघालं, तर ते नदीचं नाही, तुमच्या बाटलीचं किंवा आम्लाचं आहे.

रक्त आणि यकृत

हा भाग सावकाश वाचा. प्रयोगशाळेतल्या सगळ्या बारीक चुका इथे होतात आणि नंतर कितीही चांगलं गणित केलं तरी त्या सुधारत नाहीत.

माशाला लवंग तेलाच्या किंवा एमएस-222 च्या पाण्यात भूल द्या. शेपटीच्या मुळाजवळ, पार्श्वरेषेच्या (अंगाच्या बाजूवर दिसणाऱ्या आडव्या रेघेच्या) खालून सुई मणक्यापर्यंत नेली की शेपटीच्या शिरेतून रक्त मिळतं. सुई बारीक असेल आणि जोराने ओढलंत तर लाल पेशी फुटतात. सीरम गुलाबी दिसलं की तो नमुना बाद समजा, कारण लाल पेशींतलं एएसटी त्यात मिसळलेलं असतं. ईडीटीएची जांभळ्या झाकणाची नळी वापरू नका. ईडीटीए धातूंना पकडतं आणि एएलपीला लागणारं जस्त, मॅग्नेशियम काढून घेतं. साधी किंवा हेपॅरिनची नळी घ्या.

रक्त घेतल्यावर मासा भुलीतच मारा आणि बर्फावर पोट उघडा. रोहू किंवा मृगळ घेतला असेल तर घाबरू नका, कार्प माशांत यकृत एकसंध गोळा नसतं, आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये पसरलेलं असतं आणि त्यात स्वादुपिंडाचे तुकडेही मिसळलेले असतात. पित्ताशय फुटू देऊ नका. पित्त सांडलं तर तो भाग घेऊ नका. यकृताचं वजन करा, माशाच्या वजनाने भागून 100 ने गुणा. हा यकृत-देह निर्देशांक फुकट मिळणारी माहिती आहे.

यकृताचे दोन भाग करा. एक धातूसाठी, आम्लाने धुतलेल्या कुपीत. दुसरा थंड 0.25 मोलर सुक्रोज द्रावणाने धुऊन एन्झाइमसाठी. लगेच मोजायचं नसेल तर उणे 80 अंशांवर ठेवा. उणे 20 च्या साध्या फ्रीजरमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवलेल्या यकृतात एएलटी कमी निघालं तर तो फ्रीजरचा परिणाम असू शकतो.

दहा टक्के होमोजिनेट करा, म्हणजे 1 ग्रॅम यकृत द्रावणात बारीक वाटून एकूण 10 मिलीलिटर करा. भांडं सतत बर्फात. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं द्रावण घ्या. एएलपी मोजणार असाल तर फॉस्फेट बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण) टाळा आणि ट्रिस बफर घ्या, कारण फॉस्फेट स्वतः एएलपीला अडवतं.

मोजणी

एएलटी आणि एएसटीसाठी दोन रस्ते आहेत. राइटमन-फ्रँकेलची 1957 ची रंगपद्धत स्वस्त आहे. 37 अंशांवर एएलटीला 30 मिनिटं, एएसटीला 60 मिनिटं, मग डीएनपीएच हे रंग देणारं रसायन आणि शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड, की तपकिरी रंग येतो. दुसरा रस्ता पॅथॉलॉजी लॅबमध्ये वापरतात त्या किटचा. त्यात 340 नॅनोमीटरवर एनएडीएच हा अभिक्रियेत खर्च होणारा सहघटक किती वेगाने घटतो ते पाहतात. किट वापरायला हरकत नाही, पण ते माणसाच्या सीरमसाठी बनवलेलं असतं. यकृताच्या होमोजिनेटमध्ये एन्झाइम कितीतरी पट जास्त असतं. ते तसंच टाकलंत तर वाचन सुरू होण्याआधीच एनएडीएच संपतं आणि यंत्र हास्यास्पद कमी आकडा दाखवतं. विद्यार्थी तो आकडा 'धातूमुळे एन्झाइम दबलं' म्हणून लिहून मोकळा होतो. म्हणून एकाच नमुन्याची 10, 50, 100 पट पातळ द्रावणं आधी मोजा. पातळ केल्याच्या प्रमाणात आकडा घटतो त्या टप्प्यातच काम करा.

कॅटलेज हायड्रोजन पेरॉक्साइड किती वेगाने संपतं त्यावरून 240 नॅनोमीटरवर मोजतात. त्याला क्वार्ट्‌झची क्युव्हेट, म्हणजे यंत्रात नमुना ठेवायची कुपी, लागते, काच किंवा प्लास्टिक तिथे प्रकाश अडवतं.

यकृताचा प्रत्येक आकडा प्रति मिलीग्रॅम प्रथिन असा द्या. प्रथिन लाउरीच्या 1951 च्या पद्धतीने मोजा. सीरमचा आकडा प्रति लिटर. दोन्ही कोष्टकं वेगळी ठेवा.

प्रयोगशाळेत धातू देऊन पाहायचं असेल

नदीचा अभ्यास संबंध दाखवतो, कारण दाखवायला टाक्यांचा प्रयोग लागतो. मत्स्यबीज केंद्रातून एकाच वयाची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) आणा, किमान दोन आठवडे टाकीला सरावू द्या, नळाचं पाणी क्लोरीन उडाल्याशिवाय वापरू नका. 96 तासांत निम्मे मासे मारणारी मात्रा स्वतः काढायचा हट्ट धरू नका. ती छापील अभ्यासांतून त्याच जातीसाठी आणि मिळत्याजुळत्या कठीणतेच्या पाण्यासाठी शोधा. उगाच मासे मारण्यात शहाणपण नाही. तिच्या विसाव्या आणि दहाव्या भागाची मात्रा घ्या.

मात्रा धातूची लिहा, क्षाराची नाही. 1 मिलीग्रॅम तांब्यासाठी 3.93 मिलीग्रॅम मोरचूद लागतं. हा फरक न सांगता लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत आणि त्यांचे आकडे कोणालाच वापरता येत नाहीत.

एका मात्रेला एकच टाकी आणि तिच्यात दहा मासे, ही रचना चुकीची आहे. त्या टाकीची हवा रात्री बंद पडली तर दहाही माशांवर सारखाच परिणाम होतो. सांख्यिकीच्या दृष्टीने तुमच्याकडे दहा नोंदी नसून एक आहे. प्रत्येक मात्रेला किमान तीन टाक्या ठेवा.

आकडे वाचताना

समजा खालच्या जागेच्या माशांत सीरमचं एएलटी वाढलंय आणि यकृतातलं घटलंय. पेशींची आवरणं फुटून एन्झाइम रक्तात गळतंय, ही शक्यता बळकट आहे. गोदामाचा पत्रा फाटला की आतला माल घटतो आणि रस्त्यावर दिसू लागतो, तसंच. पण दोन्हीकडे वाढलं असेल तर? मग फुटीपेक्षा ताणाचा विचार करा. ताणात कॉर्टिसॉल वाढतं, मासा अमिनो आम्लांपासून साखर बनवू लागतो आणि त्यासाठी यकृत एएलटी, एएसटी जास्त तयार करतं. हे कमी मात्रेत आणि सुरुवातीच्या दिवसांत दिसतं. दोन्हीकडे घटलं तर उपासमार, पेशी मोठ्या प्रमाणावर मेलेल्या असणं किंवा साठवणुकीतली चूक, तिन्ही तपासा.

कॅटलेजही असंच दोन तोंडी वागतं. धातूचा मारा सौम्य असताना ते वाढतं, मारा लांबला की खचतं. त्यामुळे दोन जागांचं कॅटलेज सारखं आलं, एवढ्यावरून 'परिणाम नाही' म्हणता येत नाही. एक जागा चढावर आणि दुसरी उतारावर असू शकते. यकृतातल्या धातूचा आकडा बाजूला ठेवून पाहिलंत तरच हे उमगतं. प्रत्येक माशाचा धातू आडव्या अक्षावर, एन्झाइम उभ्या अक्षावर मांडा. सरासरीची स्तंभाकृती हे सगळं झाकून टाकते.

कीटकनाशकं, अमोनिया, कमी ऑक्सिजन, परजीवी हे सगळे एन्झाइम हलवतात. यकृतातला धातू तिन्ही जागी सारखाच असेल आणि एएलटी फक्त शहराखाली वाढलेलं असेल, तर दोष धातूवर टाकू नका. 'धातू जबाबदार असल्याचं आढळलं नाही, सांडपाणी आणि ऑक्सिजन तपासायला हवा' असं लिहिणारा प्रकल्प माझ्या मते जास्त गुणांचा आहे, आणि नदीच्याही जास्त कामाचा.

निष्कर्ष काठावर नेताना

अहवाल विद्यापीठात जमा करून थांबू नका. ज्यांनी मासे दिले त्या भोई काकांकडे जाऊन काय सापडलं ते सांगा, आणि ते तोलून सांगा. कॅडमियम, शिसं, तांबं यांचा साठा यकृत आणि मूत्रपिंडात मांसापेक्षा सहसा बराच जास्त असतो. म्हणून यकृतातला आकडा पाहून 'मासा खाऊ नका' असं सांगणं चुकीचं आहे. खाण्याबद्दल बोलायचं तर मांस वेगळं मोजावं लागतं. शिशासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची माशाच्या मांसाची मर्यादा किलोला 0.3 मिलीग्रॅम आहे. पारा मात्र मांसात साठतो, आणि मरळीसारख्या शिकारी माशात अधिक. शिजवल्याने किंवा तळल्याने कुठलाच धातू जात नाही. मांसाचे आकडे येईपर्यंत घरी मासा करणाऱ्या काकूंना एवढं नक्की सांगता येतं की मासा साफ करताना यकृत आणि आतडी पूर्ण काढून टाका, कालवणात घालू नका, आणि लहान मुलांना रोज एकाच डोहातला मासा देऊ नका.